लोकूची पहिली ओ

माझ्या मोठ्या बहिणीने, दिव्यानीताईने, हे मला दोनदा सांगितलं. एकदा रडत, एकदा अगदी शांतपणे. दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

ती शास्त्रज्ञ आहे. प्रत्येक गोष्टीची वेळ वहीत लिहायची तिला सवय. ते पान मी स्वतः पाहिलंय... मार्च महिना, बुधवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं.

जागा म्हणजे तिच्या सासरचं गाव. चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाला लागून. नाव लिहीत नाही. तिनेच नको म्हटलंय.

ताईचं काम कोंबडीच्या अंड्यांवर. अंड्यात पिल्लू तयार होताना कोणत्या पेशीने पंख व्हायचं आणि कोणत्या पेशीने पाय, हे कोण ठरवतं, याचा ती अभ्यास करायची. कॉलेजातली लाईट सारखी जायची, म्हणून अंडी उबवायची पेटी तिने घरीच ठेवली होती, मागच्या खोलीत, इन्व्हर्टरवर. अंडी गावातली सोमारी आणून द्यायची.

सासूबाईंना, म्हणजे रुखमाबाईंना, तिने हे काम एकदा समजावून सांगितलं होतं.

"आई, एक पेशी हाक मारते. शेजारची ओ देते. ओ दिली की तिच्या आतला एक जीन जागा होतो, आणि मग ती कोण होणार ते ठरतं. एकदा ठरलं की माघारी नाही."

"अन् तू काय करतं?"

"मी औषध घालून काहींचे कान बुजवते. हाक ऐकूच आली नाही तर काय होतं, ते बघते."

रुखमाबाई हसल्या. मग म्हणाल्या, "तुया अंड्यात सारे ओ देतेत वो. आपला लोकूच तेवढा देत नाई."

ते वाक्य ताईला फार लागलं.

लोकू तिचा मुलगा. पंधरा महिन्यांचा. चालायचा, हसायचा, ताट वाजवायचा... पण नावाने हाक मारली की मान वळवायचा नाही. एकदाही नाही. चंद्रपूरला कान तपासून झाले. कान ठणठणीत.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हीच हाक मारा आणि त्याच्या वतीने ओ पण तुम्हीच द्या. ऐकून ऐकून शिकेल."

मग ताईने तोच ध्यास घेतला. घरातल्या कोणीही लोकूला हाक मारली की ही बाळाच्या आवाजात ओरडायची, "ओऽऽ! आलो!"

सासूबाईंना ते आवडत नसे. लग्न होऊन आली तेव्हाच त्यांनी तिला बजावलं होतं.

"रानाकडून हाक आली तं तिसऱ्या हाकेशिवाय ओ नोको देऊ, बाई. मानूस तिसऱ्यांदा बलावते. दुसरं कोनी बलावत नाई."

"आई, पेशी काही तिसऱ्या हाकेची वाट बघत बसत नाही," ताई हसून म्हणाली होती.

त्या बुधवारी सगळं गाव मोहफुलं वेचायला गेलं होतं. अंधारात निघालेल्या बाया ऊन तापलं की परततात. ताईचा नवरा धनराज चंद्रपूरला. घरात फक्त ताई आणि लोकू.

लोकू खाली चटईवर वाटी-चमच्याने खेळत होता. ताई पेटीतल्या अंड्यांच्या चिठ्ठ्या तपासत होती. चोवीस अंडी. बारांना औषध, बारा तशीच साधी.

मागच्या खिडकीपलीकडे पडीक वावर. त्यापलीकडे जंगल.

आणि तिकडून हाक आली...

"लोकेऽऽश..."

बाईचा आवाज. जरा घोगरा. सासूबाई परतल्या, असं ताईला वाटलं. तिने मान वर न करताच सवयीने ओ दिली.

"ओऽऽ! आलो आई!"

बाहेर एकदम शांत झालं.

कवडा पक्ष्याचं घुमणं थांबलं. कोंबड्यांची कुरकुर थांबली. लोकूच्या हातातला चमचासुद्धा थांबला.

मग आवाज आला. या वेळी जवळून... वावराच्या अलीकडून.

"कुठी हायेस रे बापा?"

ताईला गंमत वाटली. तिनेही तसंच उत्तर दिलं.

"इथीऽऽ!"

तिसरी हाक आली नाही.

ताई वाट बघत राहिली. मागचं दार वाजलं नाही. पावलं नाहीत. टोपली टेकवल्याचा आवाज नाही.

आणि मग लोकूने मान वळवली. हळूच, डावीकडे. खिडकीकडे.

"ओ," तो म्हणाला.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा महिने ती त्या एका अक्षराची वाट बघत होती. तिने धावत जाऊन त्याला उचललं, त्याचे पटापट मुके घेतले. घड्याळ बघून वेळ वहीत लिहिली. खाली लिहिलं... लोकूची पहिली ओ.

तेवढ्यात तो परत म्हणाला, "ओ."

आता मात्र कोणीच हाक मारली नव्हती.

ताई खिडकीपाशी गेली. बाहेर कोणी नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर मात्र मोहाची फुलं होती... ओंजळभर. ताजी, दव पडलेली.

भर दुपारी, बारा वाजता, दव.

सासूबाई एक वाजता आल्या. सोबत सोमारी. दोघींच्या टोपल्या भरलेल्या.

"आई, लोकूने ओ दिली!" ताई दारातच म्हणाली. "तुम्ही मघाशी मागून हाक मारलीत ना, तेव्हा!"

"मी? मी तं आत्ता येऊन राह्यली."

"मग कोणी मारली? लोकेश म्हणून..."

बोलता बोलता ताई थांबली. घरात त्याला लोकेश कोणीच म्हणत नसे. कागदावर तेवढं नाव. घरात, गावात, सगळ्यांचा तो लोकू.

सोमारीने डोक्यावरची टोपली खाली ठेवली.

"म्याडम... तुमी काई बोलल्या तं नाई ना?"

ताईने सांगितलं. ओ दिल्याचं. इथी म्हटल्याचं. फुलांचंही.

रुखमाबाईंनी आत जाऊन लोकूला पदराखाली घेतलं.

मग सोमारीनेच सांगितलं. दोन वर्षांमागची गोष्ट. रानात मोह वेचताना बाया एकमेकींना हाका देत राहतात. ओ आली की समजायचं, मानूस हाय. गावातल्या पत्रूच्या बायकोसोबत तिचं सात वर्षांचं पोरगं होतं. तिने हाक दिली. ओ आली नाही. दुसरी दिली. तिसरी दिली...

"वाघानं नेला का काय, देव जाने. कपडाबी नाई भेटला. मंग ते बाई रोज जाये अन् त्याच जागी आवाज दे. पान्याच्या दिवसात मेली बिचारी. मरतावक्ती एकच म्हने, एक डाव ओ दे रे बापा."

"त्या मुलाचं नाव काय होतं?" ताईने विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"धनराजनं चंद्रपुरात तेच नाव ठेवलं," रुखमाबाई खाली बघत म्हणाल्या. "त्याले काय मालूम. म्हनून तं मी लोकू म्हनतो."

त्या संध्याकाळी सहाला अंड्यांचे अठ्ठेचाळीस तास पूर्ण झाले. ताईने कवचाला छोट्या खिडक्या पाडून आत बघितलं. दोन दिवसांच्या गर्भाचं डोकं एका बाजूला वळलेलं असतं. नेहमी उजवीकडे. औषध दिलेली चुकली तर समजण्यासारखं होतं...

पण त्या दिवशी साधी बारासुद्धा डावीकडे वळलेली होती.

चोवीसच्या चोवीस. मागच्या खिडकीकडे.

ताईने पेटी बंद केली. ते पान तिने कुठल्याच शोधनिबंधात घेतलं नाही. नंतर हाच प्रयोग तिने चंद्रपुरात पाच वेळा केला. साधी अंडी प्रत्येक वेळी उजवीकडेच वळली.

आता ते चंद्रपुरात राहतात. तिसरा मजला. आजूबाजूला इमारती, झाड एक नाही. धनराजभाऊजी म्हणतात, मूल ओ देतंय, मग अजून काय पाहिजे? डॉक्टरही खूश आहेत.

ओ देतो तो. रोज देतो. फक्त ताईने हाक मारली की नाही देत. तेव्हा तो तिच्याकडे बघतसुद्धा नाही.

माझं बाळ आता अकरा महिन्यांचं आहे. मी त्याच्या वतीने कधी ओ देत नाही. कोणाला हसायचं असेल तर हसा.

परवा ताईचा फोन आला होता. लोकू मागे कुठेतरी खेळत होता. भांडी वाजत होती. बोलता बोलता ती भांडी एकदम थांबली...

आणि त्याचा आवाज आला. "ओ."

मग थोडं थांबून, अगदी स्पष्ट, लाडात आल्यासारखा...

"इथीऽऽ."

"कोणाला सांगतोय गं?" मी विचारलं.

पलीकडे खिडकी लावल्याचा आवाज आला.

"आम्ही दोघंच आहोत घरात," मग ती म्हणाली.

दुपारी बाराच्या सुमाराची वेळ होती. समोर भिंतीवर घड्याळ होतं.

मी तिकडे बघितलं नाही.