ज्यात कोणी मरत नाही

"झोपेचं पुस्तक आहे का तुमच्याकडे?"

दिपालीने मान वर केली. सिंदीच्या वाचनालयात ती दोन वर्षं बसत होती. लोक भविष्याचं पुस्तक मागत, लोणच्यांचं मागत, एकाने तर बायकोला वठणीवर आणायचंही मागितलं होतं. पण झोपेचं? समोर स्टेशनवरचा नवा तिकीटबाबू नीलेश उभा. सत्त्याण्णव सालचा कापूस जिनिंगच्या कारखान्यात चालला होता. गाड्यांतून उडालेला एक पुंजका त्याच्या केसांत अडकलेला... आणि डोळे असे लाल, जणू मिरच्या कांडून आलाय.

"पुस्तकं माणसाले जागं कराले असते," ती म्हणाली. "झोपाचं असन तर उशी घ्या. बाजारात भेटते."

"उशी हाये," तो कसाबसा हसला. "झोप नाई. दिवाळीत आई गेली. तेव्हापासून रात्रभर छत पाहून राह्यलो. तीन पुस्तकं वाचली, तर तिन्हीत कोणी न कोणी मेलं."

बापालाही दोन शब्द सुनावणारी ही पोरगी, पण तिने पुढ्यातलं रजिस्टर बाजूला सारलं.

"म्हणजे... ज्यात कोणी मरत नाही असं पाहिजे?"

"हव. असन तर."

असं पुस्तक शोधणं वाटतं तितकं सोपं नाही. आपल्या लिहिणाऱ्यांना कोणाला तरी तिरडीवर चढवल्याशिवाय पुस्तक संपवताच येत नाही. बाई गुणाची असली की शेवटच्या दहा पानांत तिला खोकला लागलाच समजा. म्हणून दिपाली प्रत्येक पुस्तक आधी घरी नेई, रात्री दिव्याखाली अथपासून इतिपर्यंत वाचे, आणि पास झालं तर कव्हरात चिठ्ठी घाली — 'सगळे जिवंत.' एका मास्तराचा नदीकाठचा प्रवास पास झाला. दोन जावांचं भांडण पास झालं. भाजीचा वाफा लावणाऱ्या म्हाताऱ्याचं तर उत्तमच. त्यात वांगीसुद्धा वेळेवर येतात.

दर शनिवारी नीलेश येई. पुस्तक द्यायला एक मिनिट लागतं. याला अर्धा तास लागे.

"बकरी मेली," एकदा तो दारातूनच म्हणाला.

"कोणती बकरी?"

"पान ब्याण्णव. बिबट्यानं नेली. मी उठून बसलो न मग!"

"तुम्ही माणसाचं म्हटलं होतं. बकऱ्या कोण मोजते?"

"मी मोजतो."

तिने हसू दाबलं... दाबलं गेलं नाही.

माघात दिपालीला हिंगणघाटचं स्थळ आलं. मुलाचं कापडाचं दुकान, घरी दोन गाड्या. सिंदीत किराणा दुकान चालवणारे वडील हिरालाल म्हणाले, "सोमवारपर्यंत हो का नाई ते सांग. लोकं खोळंबले हायेत." तिला नाही म्हणायचं होतं. पण कशाच्या जोरावर? एक माणूस पुस्तकं नेतो आणि आणतो, हे काय बापाला सांगायचं कारण झालं? उद्या त्याला झोप लागली, की वाचनालयाचा रस्ताही विसरेल तो.

त्याच आठवड्यात पिठाच्या चक्कीवर त्याची घरमालकीण शकुंतलाबाई भेटली. दिपालीने उगाच पिशवीचं तोंड बांधत विचारलं, "काकू, तुमच्या भाडेकरूले झोप येते का आता?"

"येते का म्हणतं? अवं पोरी, नऊ वाजता पडते अन् असा घोरते, आमची भिंत हालते! संक्रांतीपासून हेच चालू हाये."

संक्रांतीपासून! म्हणजे महिनाभर ही आपली झोप मोडून पुस्तकं तपासतेय, आणि हा गडी खुशाल घोरतोय.

शनिवारी तो आला. तिने पुस्तकाकडे पाहिलंही नाही.

"झोप लागते का?"

"कुठची लागते..."

"शकुंतलाकाकूची भिंत हालून राह्यली म्हणे."

त्याचे कान लाल झाले. "पकडलं तुम्ही."

"मग पुस्तकं काऊन नेली? मले वेडी समजले का?"

"सगळी वाचली मी. तिकिटाच्या खिडकीत बसून वाचली. झोप येते म्हटलं असतं, तर तुम्ही म्हटलं असतं — मग आता इथं काय काम? अन् मले दुसरं काम सुचतच नव्हतं."

दिपालीने रजिस्टर उघडून त्याचं पुस्तक जमा केलं. मग सरळच बोलली, "हिंगणघाटचं स्थळ आलं हाये मले. परवा उत्तर द्याचं हाये. सांगून राह्यली फक्त, विचारून नाई."

स्टेशनाकडून एक मालगाडी आली, खडखडत पुरती निघून गेली, तरी तो कपाटातली पुस्तकंच न्याहाळत होता. हा आत्ता बोलला नाही तर जन्मभर तिकिटंच देत बसणार, तिने मनात म्हटलं.

"तुमच्या बाबांना भेटू? आजच?" त्याने विचारलं. "फक्त... माझ्यासंग मोठं कोणी नाई. आई असती तर ती आली असती. एकटा आलो तर चालन?"

तिने रजिस्टर मिटलं.

"एकटा काऊन? शकुंतलाकाकूले घेऊन जाजो. बाबा सहापर्यंत दुकानात असते. चहा झाला की जरा नरम राह्यते." तिने त्याच्या गालांकडे नीट पाहिलं. "अन् पहिले दाढी कर."