नावाचा रकाना

रेकॉर्डवाल्या काकांचा फोन आला तेव्हा कॉम्प्युटरवाली तिसऱ्या मजल्यावर मावशीच्या उशाशी बसून बोलणी खात होती. मावशीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. जीभ शाबूत होती.

"तुमच्या हॉस्पिटलात चहा म्हणून काय देतात गं? गरम पाण्याला रंग लावलाय नुसता."

"हॉस्पिटल माझं नाही, मी इथे फक्त नोकरी करते," कॉम्प्युटरवाली म्हणाली. सगळं हॉस्पिटल तिला कॉम्प्युटरवालीच म्हणायचं. दाखल होण्यापासून घरी जाण्यापर्यंतचे सगळे फॉर्म तिने जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेले होते, आणि फॉर्म अडला की हाक हिलाच.

"जा, बघ काय अडलंय ते," मावशी म्हणाली. "मी काही पळून जात नाहीये."

आई गेली तेव्हा ही चार वर्षांची होती. या मावशीने शिलाई मशीन चालवून तिला वाढवलं, शिकवलं, आणि ही लग्न करायचं नाही म्हणाली तेव्हा साऱ्या नातेवाइकांशी एकटीने भांडली. जगात तिला दुसरं माणूस नव्हतं, आणि हवंही नव्हतं.

रेकॉर्डची खोली तळघरात. जिन्याच्या शेवटच्या पायरीपासूनच जुन्या कागदांचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास सुरू व्हायचा. भर दुपारीसुद्धा खाली ट्यूबलाइट लागायची. कपाटांमध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, टोकाला काकांचं टेबल, बाजूला प्रिंटर. मृत्यूची नोंद झाली की तो आपोआप खर्रर्र करून एक चिठ्ठी बाहेर टाकायचा. तीस वर्षं तिथे काढलेल्या काकांना त्या आवाजाचं एरवी काही वाटत नसे. आज मात्र ते खुर्ची प्रिंटरपासून चांगली दोन हात लांब घेऊन बसले होते.

"तुमचा फॉर्म पुढची वेळ घेतोय," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे आत्ता वाजलेत चार. आणि मृत्यूची वेळ म्हणून संध्याकाळचे सात टाकले, तरी तो घेतो."

"टाकणाऱ्याची चूक असेल हो, काका. बोट घसरलं असेल कुणाचं तरी."

"मीही तेच म्हटलं." काकांनी तीन चिठ्ठ्या पुढे सरकवल्या. "पंधरा दिवसांत तीन आल्या. तीनही मी खोडल्या, परत आल्या. आणि तिघंही... त्याच वेळेला गेले. मिनिटाचा फरक नाही."

आता इथे दुसरं कुणी असतं तर जिना चढून वर पळालं असतं. ही बाई वेगळ्या मातीची. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. माणसांच्या निष्काळजीपणावर मात्र पुरेपूर होता. तिने तिन्ही नोंदी उघडल्या. पाठवणाऱ्याच्या रकान्यात काहीच नाही. कोणत्या मशीनवरून आल्या, तेही नाही. कपाळावर आठी पडली, पण तोंडाने ती म्हणाली, "बघते ना, कोण शहाणा आहे तो."

तेवढ्यात प्रिंटर खरखरला.

काका चिठ्ठीला हात लावेनात. तिनेच ती फाडून घेतली. खोली नऊ. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं बिनचूक. वेळ पाच चाळीस.

ते नाव मावशीचं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात चार पंचवीस झाले होते. तिने वरच्या सिस्टरना फोन लावला. "नऊ नंबर कशा आहेत?" सिस्टर हसल्या. "ठणठणीत. चहा बदलून मागतायत."

फोन ठेवेपर्यंत तिची भीती ओसरली होती आणि तिच्या जागी संताप आला होता, असा की कान तापले. कोण आहे हा? कुणाला न विचारता माझ्या फॉर्ममध्ये माझ्या माणसाचं नाव लिहितो?

"खोडा हो ही," ती काकांना म्हणाली.

या हॉस्पिटलची पद्धतच तशी होती. नोंद आली की आधी कच्ची. तिच्यातली वेळ उलटली की पक्की. कच्ची खोडता येते. पक्कीतलं फार तर एखादं अक्षर सुधारता येतं. ओळ काढता येत नाही, कुणालाच. काकांनी खोडली. मिनिटभराने प्रिंटर पुन्हा खरखरला. तेच नाव. पाच चाळीस.

"खोडत राहा. मी तोवर दारच बंद करते."

काकांच्याच टेबलावर ठाण मांडून तिने प्रोग्राम उघडला. 'मृत्यूची वेळ आत्ताच्या पुढची नसावी' हा नियम तिथे होता. तिनेच लिहिला होता, चार वर्षांपूर्वी. मग लागू का होत नाही? वीस मिनिटं डोळे फोडल्यावर तिला दिसलं आणि तिने कपाळावर हात मारला. नियम लिहिला होता, पण फॉर्म आत घेणाऱ्या जागी 'व्हॅलिड' हा एक शब्द राहून गेला होता. तो शब्द नसला की जावा नियम वाचतच नाही. दारावर पाटी लावायची आणि पहारेकऱ्याला सांगायचंच नाही, तसं झालं होतं. या धंद्यातल्या प्रत्येकाने ही चूक एकदा तरी केलेली असते.

तिने शब्द घातला. प्रोग्राम नव्याने बांधून सर्व्हर चालू केला. पाच वाजून पाच मिनिटं. पडद्यावर ओळ उमटली: 'फॉर्म नाकारला.' मिनिटभराने पुन्हा: 'फॉर्म नाकारला.' प्रिंटर गप्प.

"आता ये म्हणावं!" ती खुर्चीत मागे रेलली. "माझ्या फॉर्ममध्ये माझा नियम चालतो."

काका घड्याळाकडे बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, "पण बाई... पाच चाळीस वाजल्यावर... पाच चाळीस ही पुढची वेळ कुठे राहते?"

खरंच की. नियम तिने पुढच्या वेळेसाठी लिहिला होता. पलीकडे जो कोणी होता, त्याला फक्त थांबायचं होतं.

तेव्हा तिने अशी एक गोष्ट केली, जी नवशिक्याने केली असती तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं. नियमात थेट नाव लिहिलं. मावशीचं नाव आलं, तर नाकार. कारण नाही, तारीख नाही, अट नाही. नाकार.

"हे असं चालतं?" काकांनी विचारलं.

"नाही चालत. मी चालवणार आहे."

सर्व्हर पुन्हा उठेपर्यंत पाच अडतीस झाले. तिने सिस्टरना फोन लावून मावशीजवळ उभं राहायला सांगितलं. डांबराच्या गोळ्यांचा वास एकदम उग्र झाला. पाच एकोणचाळीस.

"झोपल्यात हो," सिस्टर फोनवर म्हणाल्या. "शांत... थांबा हं... एक मिनिट..."

"सिस्टर?"

"मॅडम, त्यांचा श्वास..."

पाच चाळीस. पडद्यावर ओळ उमटली: 'फॉर्म नाकारला.' लगेच दुसरी. मग तिसरी, चौथी, पाचवी, एकाखाली एक, वाचताही येईनात इतक्या भराभर. ती पडद्यावर वाकून दातओठ खात म्हणत होती, "नाही देणार. नाही म्हणजे नाही. जा, काय करायचं ते कर." आणि मग ओळी थांबल्या. फोनमधून खणखणीत आवाज आला, "सिस्टर, असा हात काय दाबताय माझा? सुजला ना!"

कॉम्प्युटरवाली रडली. हमसून हमसून, काकांच्या समोर, लाज न बाळगता. मग डोळे पुसून दोन-दोन पायऱ्या गाळत तिसऱ्या मजल्यावर पोचली. मावशी उशीला टेकून बसली होती.

"कुठे होतीस? इथे एक माणूस येऊन डोकं खाऊन गेला."

"कोण माणूस?"

"मला काय माहीत. या खुर्चीवर बसला होता. नाव विचारत होता सारखा. सांगितलं तर म्हणे, हे चालत नाही. परत सांगितलं, परत तेच. मी म्हटलं, माझं नाव चालत नाही तर चालता हो इथून."

"मग?"

"मग काय, उठला. म्हणाला, नाव राहू दे, नंतर भरतो."

सिस्टर म्हणाल्या, खोलीत कुणीच नव्हतं.

ती खाली आली तेव्हा काका दारात उभे होते. प्रिंटरच्या तोंडाशी एक चिठ्ठी लोंबत होती. खोलीचा नंबर नाही. वेळ पाच चाळीस. नावाचा रकाना कोरा. नोंद पक्की झालेली.

नाव सक्तीचं होतं, मग ही आत आली कशी? उत्तर शोधायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. जावाच्या लेखी नाव न देणं वेगळं आणि कोरं नाव देणं वेगळं. 'नॉटनल' लिहिलं की फक्त पहिलं अडतं. 'नॉटब्लँक' लिहिलं असतं तर दोन्ही अडली असती. तिने चार वर्षांपूर्वी 'नॉटनल' लिहिलं होतं. नव्या नोंदींसाठी ते तिने लगेच बदलून टाकलं. पण आत आलेलं आत आलं होतं.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. मावशी काठी घेऊन हिंडते, चहाला नावं ठेवते. साहेबांनी तीनदा सांगूनही कॉम्प्युटरवालीने प्रोग्राममधली ती मावशीच्या नावाची ओळ काढलेली नाही. "मी असेपर्यंत ती राहील," एवढंच ती म्हणते.

आणि रोज सकाळी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, कुणी यायच्या आत ती तळघरात उतरते. ती कोरी नोंद उघडते. नावाच्या रकान्यात एक अक्षर आलेलं असतं. कुणाच्या नावाचं, ते ती काकांनाही सांगत नाही. ती ते खोडते, रकाना पुन्हा कोरा करते, पडद्याकडे बघून दोन कचकचीत शिव्या देते आणि कामाला लागते.

काल सकाळी दोन अक्षरं होती.