पाण्याकडे तोंड

तंबूचे दार वाऱ्याच्या बाजूला ठेवू नये, हे कळायला फार शहाणपण लागत नाही. वारा तळ्यावरून येत होता; तेव्हा दारे चढाकडे, म्हणजे जिथे गाड्या ठेवून आम्ही खाली उतरलो होतो तिकडे असावीत, हे उघड होते. मी ती तशीच ठेवली. तिन्ही तंबू मीच उभारले. खुंटी तिरपी ठोकायची असते, हे इमारतींचे पाये तपासण्यात उभा जन्म घालवलेल्या माझ्याखेरीज तिथे कोणाला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याची कोणाची इच्छाही नव्हती. बाकीची मंडळी घडीच्या खुर्च्यांवर बसून माझे काम पाहत होती.

"भावोजी, पाणसळ राहिली का घरी?" माझ्या मेहुण्याने विचारले. "तंबू एका रेषेत आले नाहीत तर झोप लागायची नाही तुम्हाला."

सगळे हसले. माझी बायकोही हसली, आणि ती हसली म्हणून मी गप्प बसलो.

आमच्या कंपूचा एक नियम आहे. वर्षातून एकदा शनिवार-रविवार गाठून आम्ही असे बाहेर राहायला जातो: मी, बायको, तिचा हा धाकटा भाऊ, माझा कॉलेजपासूनचा मित्र, जो दातांचा डॉक्टर आहे, आणि त्याची वकिली करणारी बायको. मुक्कामात जो पहिली तक्रार करील त्याने परतेपर्यंत सर्वांची भांडी घासायची. डास चावोत, कॉफी गार होवो, पाठ धरो, ब्र काढायचा नाही. नियम माझ्यासाठीच केलेला आहे, हे मला कोणी सांगितलेले नाही. सांगायची आवश्यकताही नाही.

यंदा त्यात बायकोने स्वतःची भर घातली होती. निघण्यापूर्वी बॅगेची चेन ओढता ओढता ती म्हणाली, "या खेपेला कुणाची चूक काढलीस, तर मी तुझ्याबरोबर परत यायची नाही. तिथूनच भावाच्या गाडीत बसेन. थट्टा नाही करत." ती थट्टा करत नव्हती. इतक्या वर्षांत मला तेवढे कळते.

शनिवार मी जिभेला कुलूप घालून काढला. रविवारी उजाडल्यावर तंबूची चेन उघडली, तर समोर पाणी.

मी बाहेर आलो. तिन्ही तंबूंची दारे तळ्याकडे होती. तणावे ताठ, खुंट्या पक्क्या, आणि तिरप्या. कोणी केले असेल, याविषयी मला शंका नव्हती; मेहुण्याचे सगळे आयुष्य असल्याच उद्योगांत चालले आहे. आत दोन माणसे झोपलेली असताना तंबू फिरवता येतो काय, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पण संतापात मला आधी आरोपी दिसला.

काल ठोकलेल्या खुंट्यांची भोके मी शोधली. जमीन अभंग होती. त्या जागी गवत उभे होते आणि त्यावर दव होते. उलट, तंबूची कड उचलून पाहिली तेव्हा खालचे गवत पिवळे पडून जमिनीला चिकटले होते, जसे ते फार दिवस झाकले गेल्यावर होते.

डॉक्टर चुलीवर अंडी उकडत होता.

"तंबू कोणी फिरवले?" मी विचारले.

"फिरवले? दारं पाण्याकडेच होती की, इन्स्पेक्टर. एवढं तळं सोडून चढाकडे तोंड करून कोण झोपेल?"

"मी उभारले आहेत. तुम्ही सगळे बघत होता."

"बघत होतो म्हणूनच सांगतोय."

"ही तक्रार धरायची का, वकीलबाई?" मेहुणा म्हणाला.

"अजून नुसती चौकशी आहे," त्या म्हणाल्या. "अशिलाने विचार करून पुढचं बोलावं."

बायको माझ्याकडे पाहत होती. त्या नजरेचा अर्थ मला समजत होता. तरीही ज्या माणसाने आयुष्यभर भिंतीतला बारीक तडाही लपू दिला नाही, त्याने डोळ्यांदेखत झालेली लबाडी गिळावी, ही अपेक्षाच अन्यायाची होती.

"तक्रारच आहे," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. तिने टाळी वाजवली नाही. ती उठून आपली खुर्ची थोडी दूर घेऊन गेली.

भांडी घेऊन मी काठावर बसलो. आतून नुसता जळत होतो. वारा तोंडावर येत होता. पण ज्या पाण्यावरून तो येत होता त्यावर एक सुरकुती नव्हती. काठाचे गवत वाऱ्याविरुद्ध, पाण्याकडे कललेले होते. पातेल्याची काजळी पाण्यात पडली, ती पसरली नाही. सरळ खाली गेली. मी मंडळींकडे वळून पाहू लागलो, तेव्हा मान वळेना. कोणी हनुवटी दोन बोटांत धरून ठेवावी, तसे वाटले. शेवटी मी सगळे अंगच वळवून उठलो. मान आखडली असे ठरवले, आणि तेही बोलून दाखवायची सोय नव्हती म्हणून आणखी चिडलो.

परतलो तेव्हा चौघे एका ओळीत, तळ्याकडे तोंड करून बसले होते. गप्पा रंगल्या होत्या. डॉक्टरने न पाहता कप बाजूला धरला. वकीलबाईंनी न पाहता, न चाचपडता तो घेतला. मी मुद्दाम त्यांच्यापुढे उभा राहिलो. चारही माना एकदम, सावकाश, बाजूला झुकल्या.

"काचेचे आहात का, भावोजी?" मेहुणा म्हणाला. "सरका जरा."

"काय आहे तिथे?"

"काही नाही हो," वकीलबाई म्हणाल्या. "छान आहे."

मी बायकोपाशी गेलो. "चल. घरी जायचे."

"सुरू केलंस पुन्हा."

"केले. ऊठ."

"मी येणार नाही म्हटलं होतं."

"म्हटले होतेस. ते भांडण घरी करू."

मी तिचा दंड धरला. ती ओढाताण करील, निदान हात झिडकारील, अशी माझी तयारी होती. ती नुसती उठली. मात्र सगळा चढ ती उलटी चालत आली, तळ्याकडे पाहत. दगडगोट्यांवर तिचे पाऊल एकदाही चुकले नाही. हा हट्ट आहे, लोकांपुढे माझी शोभा करण्याचा प्रकार आहे, असे मी समजलो, आणि तसे बोललोही.

"नीट जा गं, ताई," खालून मेहुण्याने हात वर केला. मागे वळला नाही.

तिला गाडीत बसवून मी पट्टा लावला. निघालो.

उताराचा रस्ता वळणावळणांचा होता. मी रस्त्यावर नजर ठेवून बोलत होतो. सगळे बोललो: तिचा भाऊ, त्याची टवाळी, सगळ्यांनी मिळून मला खोटा ठरवणे, आणि त्यात तिचे मौन. ती बाहेर पाहत होती. तळे तिच्या बाजूला होते.

"ऐकते आहेस ना?"

"ऐकतेय."

पुढच्या वळणानंतर तळे माझ्या बाजूला आले. तेव्हा ती माझ्याकडे वळली. मला कडेने दिसले. माझे म्हणणे अखेरीस तिला पटते आहे असे वाटून मी आवाज उतरवला.

"मी खोटे बोलतो का कधी?"

"नाही रे. तू कधीच चुकत नाहीस."

हे ऐकायला मी किती वर्षे थांबलो होतो.

पुढे पुन्हा वळण आले. ती पुन्हा खिडकीकडे वळली. मग पुन्हा माझ्याकडे. स्टिअरिंग जितके फिरे, तितकीच.

मी बोलायचा थांबलो.

रस्ता सरळ झाला. तळे आता बरोबर आमच्या पाठीमागे होते.

"चिडू नकोस," ती म्हणाली. "समोर बघून चालव."

सूर समजुतीचा होता. पण तो मागच्या काचेवर आपटून माझ्यापर्यंत आला.

मी शेजारी पाहिले. हात मांडीवर होते, गुडघे समोर होते, पट्टा छातीवरून सरळ गेलेला होता. त्याच्या वर, चेहरा असायला हवा तिथे, मानेवरचे सैल केस होते, आणि त्यांत सकाळी घाईघाईने खोचलेली पिन.