ताई, चालू हाय का?

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्याच बाबतीत घडलेली आहे.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, वडाचं झाड नाही. भर दुपारी बारा चाळीसला घडली. मे महिना, वडूज आणि मायणीच्या मधला उघडा माळ. सावली पायाखाली गोळा होते, अशी वेळ.

तेव्हापासून मला रात्रीची भीती वाटत नाही.

दुपारची वाटते.

मी माधवनगरला राहते. ब्लाऊज शिवते. शिक्षण सातवी. तीन वर्षांपूर्वी माझ्या मालकांनी, म्हणजे राजारामनी, भाड्यानं चालवायला इलेक्ट्रिक गाडी घेतली. पहिल्याच महिन्यात हे दोनदा रस्त्यात अडकले. मोबाईलवर चार्जर हिरवा दिसायचा, जागेवर गेलं की मेलेला. एका ठिकाणी तर चार्जरच्या पुढ्यात कुणीतरी कडबा रचून ठेवला होता.

मग मीच वहीत लिहायला लागले. कुठला चार्जर चालू, कुठला नुसता शोभेचा, कुठं सावली आहे, कुठं बाईमाणसाला जायची सोय आहे. हळूहळू लोक फोन करायला लागले. मग ग्रुप झाला. साडेतीनशे माणसं झाली. नवी गाडी घेतलेला माणूस पहिलटकरणीसारखा असतो. सगळ्याची धास्ती.

"ताई, पावसात चार्जिंगला लावली तर करंट बसंल का?"

"ताई, चार्ज होताना आत बसून डबा खाल्ला तर चालतंय का?"

मी पायानं शिलाई मशीन मारत मारत उत्तरं द्यायची. पलीकडं खडखड ऐकू जायची. "ताई कामात हायत," असं म्हणायचे आणि तरी दहा मिनिटं बोलायचे.

माझा नियम एकच. बघितल्याशिवाय चालू म्हणायचं नाही. प्रत्येक चार्जरजवळचं एक माणूस मी जोडून ठेवलं होतं. आधी त्याला फोन करायचा, त्यानं जाऊन बघायचं, मग मी सांगायचं. माळावर एका बंद पडलेल्या हॉटेलच्या आवारात चार्जर आहे. तिथं धोंडुबाई होत्या. रस्त्याकडेला त्यांची चहाची टपरी.

हा नियम मी एकदाच मोडला.

मागच्या वर्षीचा मे. दिलावरचाचांचा फोन आला. वडूजच्या पुढचं गाव त्यांचं. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. गाडी घेऊन पंधरा दिवस झाले होते. सांगलीहून घरी चालले होते.

"ताई, मायणीत हाय. नऊ टक्के राहिलंय. हितंच थांबू, का माळावरचा चालू हाय?"

सुईखाली नवरीच्या ब्लाऊजची बाही होती. नवरीची आई समोर बसली होती, घड्याळाकडं बघत. आणि आदल्या दिवशी धोंडुबाईंनी चालू आहे म्हणून सांगितलंच होतं...

मी म्हणाले, "चालू आहे चाचा. बघितलंय. जावा."

तो चालू नव्हता. सकाळीच त्या बाजूची लाईट गेली होती. धोंडुबाई जत्रेला गेल्या होत्या. टपरी बंद. त्या माळावर मोबाईलची रेंज येते-जाते, त्या वेळी गेलेली होती. चार्जिंग संपत आलेलं, म्हणून चाचा गाडी सोडून उन्हात चालत निघाले. चारच्या सुमारास बाभळीखाली सापडले.

हार्ट अटॅक, असं सगळे म्हणाले.

मी भेटायला गेले. त्यांच्या बायकोनं, अख्तरबींनी, माझा हात धरला. म्हणाल्या, "तुमचं नाव लय घ्यायचे बघा. ताईनं सांगितलं म्हंजे झालं, म्हणायचे."

मी चहा प्याले आणि घरी आले.

मी बघितलं नव्हतं, हे कुणालाच सांगितलं नाही. माझ्या मालकांनासुद्धा नाही.

दिवाळीनंतर साताऱ्याच्या वीरधवलचा फोन आला. ग्रुपमधलाच. पोरगा बडबड्या.

"ताई, माळावर माणूस ठेवला ते बेस झालं बघा."

"कुठला माणूस?"

"आवं, म्हातारा हाय एक. पांढरा सदरा, डोक्याला रुमाल. म्हणला, बंद हाय, टाईम घालवू नका. मोबाईलवर तर हिरवा दाखवत होता. पण मी ऐकलं. बरं झालं, मागनं गेलेल्या गाडीचं पाच मिन्टात चार्जिंग तुटलं म्हणं."

मी धोंडुबाईंना फोन लावला.

"न्हाई बा," त्या म्हणाल्या. "हितं मी आन् माझं कुत्रं. आन् ते बी हल्ली दुपारचं थांबत न्हाई."

फेब्रुवारीत वाईच्या एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. त्यांनाही तो माणूस भेटला होता.

"चांगले वाटले हो," त्या म्हणाल्या. "फक्त एक विचित्र विचारलं. म्हणाले, ताईंनी सांगितलं का चालू आहे म्हणून? मी हो म्हणाले. तर म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, त्यांनी बघितलंय का?"

माझा पाय मशीनवरून खाली आला.

त्या रात्री नाही, त्या महिन्यातही नाही. या मे महिन्यात मी गेले. यांना वाईचं भाडं होतं. मी सोबत बसले आणि येताना वडूजवरून चला म्हणाले. "तिकडं काय काम काढलंस?" ह्यांनी विचारलं. मी म्हणाले, एक चार्जर बघायचाय.

निघताना धोंडुबाईंना विचारलं. "चालू हाय की. हिरवी लाईट हाय," त्या म्हणाल्या.

माळावर पोचलो तेव्हा अकरा टक्के होते. टपरी बंद. पुन्हा फोन लावला.

"आवं, मी घरीच हाय. गुडघा धरलाय. लाईट सकाळी बघितली व्हती."

सकाळी...

घड्याळात बारा पस्तीस झाले होते.

चार्जरवर हिरवा दिवा होता. ह्यांनी गन काढली. गन म्हणजे केबलच्या टोकाची मूठ, पेट्रोलपंपावर असते तशी. गाडीला लावली. कट्ट असा आवाज आला. चार्जरचा पंखा घरघरायला लागला. हे बाटली घेऊन हॉटेलच्या मागं पाणी बघायला गेले.

मी काच खाली करून आत बसले.

वारा होता. हॉटेलचा पत्रा वाजत होता. लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता.

मग ट्रॅक्टर थांबला...

मग पत्रा थांबला...

मग चार्जरचा पंखा.

इतकं शांत झालं, की कानात आपलंच रक्त ऐकू यावं.

कट्ट.

गाडीच्या मागच्या बाजूला कुणीतरी गन काढली होती.

मला वाटलं हे आले. हाक मारणार होते, तेवढ्यात खडीवर चपला वाजल्या. सावकाश. एक पाऊल जरा ओढत. मागच्या चाकापाशी... मागच्या दारापाशी...

माझ्या खिडकीपाशी थांबल्या.

मी मान वळवली नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून जमीन दिसत होती. तिथं सावली नव्हती.

आणि मांडीवरचा फोन वाजला.

"ताई, मी अर्फा. परवाच ग्रुपमध्ये आलेय. वडूज सोडून दोन किलोमीटर आलोय. सात टक्के राहिलंय आणि आईला लय गरगरतंय. माळावरचा चालू आहे का हो? मोबाईलवर तर हिरवा आहे."

मी समोर बघितलं. हिरवा दिवा. अगदी स्वच्छ हिरवा.

माझ्या तोंडात शब्द आलाच होता.

खिडकीतून, अगदी कानाशी, कुणीतरी हळू विचारलं.

"बघितलंय का?"

आवाजात राग नव्हता. तेच तर सहन होत नव्हतं. वाट विचारावी, तसं विचारलं होतं.

मी दार उघडून उतरले. बाहेर कुणी नव्हतं. गन चार्जरच्या खाचेत नीट परत ठेवलेली होती. मी हात लावला. त्या उन्हात पत्र्याला हात लागत नव्हता, आणि ती मूठ... माठासारखी गार.

मीच ती पुन्हा गाडीला लावली. काही झालं नाही. दिवा हिरवा, पण आत करंट नाही. गन काढून परत खाचेत ठेवली.

"अर्फा, बंद आहे," मी म्हणाले. "मी समोर उभी राहून सांगतेय. मागं फिर. वडूज स्टँडसमोरच्या हॉटेलात पंधरा अँपिअरचा प्लग आहे. हळू भरेल, पण भरेल. आईला आधी सावलीत बसव आणि मीठ-साखरेचं पाणी दे."

"बरं ताई."

फोन ठेवला. मग त्या रिकाम्या माळाला मी म्हणाले, "चाचा, त्या दिवशी मी बघितलं नव्हतं."



मग पत्रा वाजायला लागला.

हे पाण्याची रिकामी बाटली घेऊन आले. "गन काढलीस कशाला?" म्हणाले.

आम्हीही तसेच वडूजला मागं फिरलो. अर्फाची आई हॉटेलात पंख्याखाली बसली होती, हातात पाण्याचा पेला. तिथून मी अख्तरबींकडं गेले. दारातच सांगून टाकलं. बसले असते तर सांगणं झालं नसतं.

त्या मग पदराची किनार बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मला ठाव हाय."

"कसं?"

"तुमच्याशी बोलून त्यांनी मला फोन केला व्हता, मायणीतनं. म्हणले, ताई चालू म्हणतीया, पण मशीनचा आवाज येत हुता. कामात दिसतीया. बघितलं असंल का गं तिनं?"

"मग?"

"मीच म्हणलं, ताईनं सांगितलंय म्हंजे बघितलंच असंल. जेवाण थंड व्हतंय. जावा."

आम्ही दोघी बराच वेळ उंबऱ्यावर बसून होतो. त्यांनीही हे कुणाला सांगितलं नव्हतं.

आता मी फोन घेताना मशीन बंद करते. पाय खाली, हात मांडीवर. आधी जागेवरच्या माणसाला फोन, "आत्ता जाऊन बघा," मग उत्तर. दहा मिनिटं लागली तरी चालतील. लोक कुरकुरतात, कुरकुरू देत. माळावरच्या त्या माणसाबद्दल मे महिन्यानंतर कुणी काही सांगितलं नाही. मला वाटलं, सुटलं.

परवा दुपारी एकाचा फोन आला. विट्याचा कुणी नवीन माणूस. मशीन बंद होतं. घरात मी एकटी. भिंतीवरच्या घड्याळात बारा चाळीस.

मी हॅलो म्हणाले.

"ताई, कामात हाय का?" तो म्हणाला. "मग करतो. मशीनचा लय आवाज येतोय."