किरुंडाचा सूर

जिंजाजवळ नाईलच्या काठी दर सप्टेंबरात तीन दिवस नव्या आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचा उत्सव भरतो. तिथली आवाजाची व्यवस्था मी बघते. अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली आहे: आवाज कुठून तरी येतो. एखादी तार, एखादा माइक, कुणाचं तरी तोंड. शोधलं की सापडतंच.

त्या शनिवारी सकाळी लामुनूची तालीम होती. ती गुलूची, पार उत्तरेकडची. लॅपटॉपवर संगीत रचते, परदेशातही बोलावणी येतात तिला. या वर्षी तिने आमच्या बुसोगातल्या बिग्वालावाल्यांना सोबत घेतलं होतं. बिग्वाला म्हणजे भोपळ्याचे लांब कर्णे, आडवे धरून फुंकायचे. एका कर्ण्यातून एकच सूर निघतो. पाच जण आपापल्या वेळी आपापला सूर देतात, तेव्हा कुठे चाल पुरी होते.

आले मात्र चौघंच. पाचवे किरुंडा ईस्टरच्या आठवड्यात वारले होते. मी जुन्या यादीप्रमाणे पाच खुर्च्या मांडल्या होत्या. चौघं बसले, मधली रिकामी राहिली. कुणी ती हलवली नाही.

"त्यांचा सूर माझ्याकडे आहे," लामुनू म्हणाली. गेल्या वर्षी तिने किरुंडांची एक फुंक रेकॉर्ड केली होती. जेमतेम दोन सेकंदांची. "त्यांच्या जागेवर मी बटण दाबीन. जाजांना विचार ना, चालेल का?"

तिला आमची लुसोगा येत नाही, म्हणून मध्ये मी.

चौघांत बालिकोवा वडीलधारे, सगळ्यांचे जाजा, म्हणजे आजोबा. त्यांनी कर्णा मांडीवर ठेवला. "नांगोबी, तिला म्हणावं, ती जागा मोकळीच राहू दे. बोलावलं तर तो येईल. त्याला कधी कुणाला नाही म्हणता आलंच नाही."

"जेवायला तर न बोलावताच यायचा," शेजारचे म्हातारबुवा म्हणाले. कुणी हसलं नाही.

मी घड्याळ पाहिलं. मागे दोन तालमी खोळंबल्या होत्या.

"काय म्हणतायत?" लामुनूने विचारलं.

"जरा वाईट वाटतंय त्यांना," मी म्हटलं. "पण चालेल."

बालिकोवांना इंग्रजी कळत नाही. तरी ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

तालीम सुरू झाली. चौघांनी चाल धरली, लामुनूने बटण दाबलं आणि किरुंडांचा सूर आला. किंचित मागून आला.

"तसाच," बालिकोवा पुटपुटले. "हाच त्याचा उशीर."

"मी तालावरच दाबलं होतं," लामुनू म्हणाली. लॅपटॉपमुळे एवढा उशीर होतो कधीकधी. मी दुरुस्त केला. पुढच्या फेरीत लामुनूचं बोट बटणाच्या वर होतं, अजून टेकलं नव्हतं, आणि सूर आला. तिने हात मागे घेतला.

"बोट लागलं असेल," मी म्हटलं.

"असेल," ती म्हणाली आणि तळवा झग्याला पुसला.

कार्यक्रम चार वाजता होता. लख्ख ऊन, समोर दोन हजार माणसं, भाजलेल्या माशांचा धूर मंचापर्यंत येत होता. लामुनूने लॅपटॉपवरून ढोलांचा ताल सोडला, चौघांनी कर्णे ओठांना लावले. लोक नाचायला लागले.

तिसऱ्या फेरीपासून मला ते जाणवायला लागलं. किरुंडांचा सूर लांबत होता. दोन सेकंदांचा होता, तो चार सेकंद टिकला. मग पाच. एकदा तो मऊ आला. एकदा शेवटी चिरकला, दमलेल्या माणसाचा चिरकतो तसा. रेकॉर्ड केलेला सूर दमत नाही.

मी मिक्सरवर लॅपटॉपची वाट बंद केली. ढोल थांबले. सूर थांबला नाही.

लामुनूने माझ्याकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात वर होते, लॅपटॉपपासून दूर.

तार बंद, तर मग माइक. मी मिक्सरवर चौघांच्या माइकचा आवाज दाखवणारे काटे पाहायला लागले. पाचवा सूर आला की दुसऱ्या आणि तिसऱ्या माइकचे काटे सारखेच चढत. पहिला आणि चौथा थोडे कमी. हिशोब सोपा होता. आवाज त्या दोघांच्या मधून येत होता. बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून.

तिथे रिकामी खुर्ची होती.

बालिकोवांनी कर्णा उंच धरला. ही थांबण्याची खूण. चौघं थांबले.

पाचवा थांबला नाही.

लोकांना तो रचनेचाच भाग वाटला. ते नाचत राहिले.

मी मंचाकडे धावले. लामुनू ताठ उभी होती. तिची छाती वरखाली होत होती, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. तोंड मात्र मिटलेलं.

बालिकोवा खुर्चीकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "पुरे, किरुंडा. पोरगी दमली."

सूर तुटला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

नंतर लामुनू मंचामागे नदीकडे तोंड करून बाकावर बसली होती. मी तिच्याजवळ गेले. "सकाळी मी तुला खोटं सांगितलं," मी म्हटलं. "ते नको म्हणाले होते. मला घाई होती."

मी पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा तिचे ओठ दिसले. उजव्या कोपऱ्यात लांबट, जांभळा वळ उठला होता. तिने आयुष्यात कर्णा तोंडाला लावला नव्हता.

बालिकोवा आले. त्यांनी वळ पाहिला. माझ्याकडे वळलेच नाहीत. थेट तिलाच त्यांनी लुसोगात विचारलं, "घरी काही निरोप?"

लामुनू नदीकडेच बघत होती. स्वच्छ लुसोगात, सावकाश म्हणाली, "मागच्या खोलीचं छप्पर गळतंय. पाऊस लागायच्या आत शाकारून घ्या म्हणावं."

"सांगतो," बालिकोवा म्हणाले.