शिडीची खूण

थांब, हलू नकोस, मापच चुकतंय. हं, आता जाकीट काढून दे आणि बस त्या स्टुलावर. दिवा जरा इकडे सरकव. हल्ली सुई ओवायची म्हणजे माझ्या नाकी नऊ येतात.

तुला तीन आडव्या पट्ट्या हव्यात. सोप्या आहेत, पटकन होतील, मलाही कळतं. पण तीन आडव्या पट्ट्या म्हणजे शिडी, आणि शिडी मी कोणाला शिवून देत नाही. का ते सांगते. ऐकून हसायचं तर हस, पण खूण मी म्हणेन तीच घ्यायची.

आपलं काम तुला ठाऊकच आहे. पहाटे डेपोतून औषधं आणि रक्ताच्या पिशव्या घ्यायच्या, मोटारसायकलवरून घाट उतरायचा आणि खालच्या दवाखान्यात पोचवायच्या. घाटात धुकं असतं. धुक्यात पुढचा माणूस म्हणजे नुसती एक पाठ. म्हणून इथे प्रत्येकाच्या पाठीवर चमकत्या पट्टीची वेगळी खूण असते, म्हणजे कोण पुढे आहे ते मागच्याला कळतं. माझा बाण आहे. सामान गाडीच्या दोन्ही अंगांच्या पिशव्यांत ठेवायचं, मागे पेटी बांधून पाठ झाकायची नाही. नवा माणूस पुढे आणि जुना मागे, म्हणजे नव्यावर नजर राहते. दोन आखूड हॉर्न म्हणजे ‘आहेस का?’ आणि एक हॉर्न म्हणजे ‘आहे’. धुक्यात बोलणं काय ते तेवढंच.

हे सगळे नियम आमच्या काकांनी घालून दिले. काका म्हणजे या डेपोचा पहिला गडी. शिडी त्यांची खूण होती. माणूस मोठा शिस्तीचा, पण एका पहाटे त्यांचं जाकीट धुऊन मागच्या दोरीवर वाळत पडलेलं, तेव्हा साधंच काळं जाकीट घालून निघाले. धुक्यात त्यांची पाठ कोणालाच दिसली नाही. दुपारी सापडले ते जुन्या रस्त्याच्या मोडक्या पुलाखाली. तो पूल पुरात गेलेला, तोंडाशी पिंपं लावून रस्ता बंद केलेला. काका तिकडे का वळले, देव जाणे. आणि आम्ही परत येऊन बघतो तर दोरीवरचं जाकीट नाही. कोणी नेलं म्हणावं, तर डेपोत चिटपाखरू नव्हतं. तेव्हापासून शिडी बंद.

मग आले आमचे भाऊजी. माझे धाकटे दीर, तू भेटलीस त्यांना. तेव्हा धाकट्या जाऊबाईला आठवा महिना होता आणि भाऊजी घरी बसून होते. मीच शब्द टाकला आणि त्यांना इथे चिकटवलं. जाऊ दारात उभी राहून म्हणाली, “ताई, तुमच्या भरवशावर सोडतेय.” मी म्हटलं, मी मागेच असेन, नजरेआड होऊ देणार नाही.

पण हे गृहस्थ काळे कपडे घालून काळ्या गाडीवर बसणारे. मी म्हणायचे, “भाऊजी, खूण घ्या शिवून.” ते म्हणायचे, “वहिनी, मी एवढा देखणा, न दिसायला काय झालं?” पालथ्या घड्यावर पाणी. आठवडाभर डोकं खाल्लं, तेव्हा एका पहाटे हसत हसत आले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. बाजारातून चिकटपट्टी आणून स्वतःच लावली होती. तीन आडव्या पट्ट्या.

त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, सर्वांत सोपी म्हणून लावली. काढायला लावावी तर दुसरी पट्टी हाताशी नाही, रक्त वेळेत पोचायला हवं, आणि बाहेर धुकं असं, की फाटकाचा दिवासुद्धा दिसेना. उघड्या पाठीने कसं सोडू? मनाशी म्हटलं, आधी माणूस दिसला पाहिजे, बाकीचं मग बघू. आणि निघालो. भाऊजी पुढे, मी मागे.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. शिडी पुढे छान चमकत होती. ओल्या मातीचा वास, टायरांची चरचर, आणि हेल्मेटच्या काचेवर पाणी इतकं की सारखी बोटाने पुसत होते. एका वळणावर शिडी क्षणभर दिसेनाशी झाली. मी वेग वाढवला आणि ती परत दिसली. जरा लांब वाटली, इतकंच. मी दोन हॉर्न दिले. उत्तर नाही.

पिंपांपाशी आलो तेव्हा शिडी डावीकडे वळली. पिंपांच्या फटीतून, सरळ जुन्या रस्त्यावर.

मी ओरडले. हेल्मेटमध्ये ओरडून काय होणार? पुन्हा हॉर्न दिले आणि मागोमाग फटीतून गाडी घातली. डोळ्यांपुढे सारखी जाऊ दिसत होती, पोटावर हात ठेवून दारात उभी. आता पूल, आता पूल, असं होत होतं. पुढची शिडी मात्र एका चालीने जात होती, ना हळू ना जोरात. मी वेग वाढवला की तीही वाढवायची. पुन्हा हॉर्न दिला, एकदा, दोनदा.

उत्तर आलं. एकच हॉर्न.

माझ्या मागून.

हात आपोआप ब्रेकवर गेला. मागचा येऊन आदळू नये म्हणून गाडी कडेला घेतली आणि हात वर करून उभी राहिले. मागून एक दिवा आला, माझ्या शेजारी थांबला. काच वर झाली. भाऊजी.

“वहिनी, इकडे कुठे? हा रस्ता बंद आहे ना?”

“भाऊजी... तुम्ही पुढे होतात ना?”

“मी? वर वळणावर जरा थांबलो होतो. तुम्ही शेजारून निघून गेलात, बघितलंच नाहीत. मग तुमच्या बाणामागे आलो. तुम्हाला रस्ता माहीत, म्हटलं.”

म्हणजे मी त्या शिडीमागे, आणि हा माणूस माझ्या मागे. मी पुलावरून खाली गेले असते तर हेही माझ्या पाठीकडे बघत बघत आले असते. माझ्या भरवशावर.

पुढे शिडी थांबली होती. धुक्यात, माणसाच्या पाठीच्या उंचीवर. आमचीच वाट बघत असल्यासारखी.

“ते कोण?” भाऊजी हळूच म्हणाले.

तुला ठाऊक आहे ना, या पट्टीला स्वतःचा उजेड नसतो. आपला दिवा पडला तरच ती चमकते. मी गाडी बंद केली, दिवा मालवला. म्हटलं, “तुमचाही मालवा.” त्यांनी मालवला. काळोख झाला. इंजिन गार होताना टिकटिक करत होतं आणि खाली कुठेतरी पाणी वाहत होतं.

शिडी तशीच चमकत होती.

“वहिनी...”

“बोलू नका. वळवा गाडी. तुम्ही पुढे व्हा.”

रस्ता अरुंद. त्यांची गाडी हलकी, पटकन वळली. माझी अवजड, दोनदा मागेपुढे करावी लागली. मी वळून बघते तर भाऊजी धुक्यात गेलेले. पण थोडं पुढे गेले आणि शिडी दिसली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तरी खात्री म्हणून दोन हॉर्न दिले. लगेच उलट एक हॉर्न आला. बरं वाटलं. वळणावर धडक नको म्हणून मी चांगलं अंतर ठेवलं होतं आणि त्या तीन पट्ट्यांवरून नजर हलवली नाही. पिंपांतून बाहेर, मोठ्या रस्त्याला, आणि थेट दवाखान्याच्या फाटकापर्यंत.

फाटकाशी उजेड होता. भाऊजी आधीच पोचून, माझ्याकडे पाठ करून पिशव्या सोडत होते.

पाठ कोरी होती. काळ्या जाकिटावर नुसते डिंकाचे डाग.

“पट्ट्या कुठे गेल्या?” मी विचारलं.

त्यांनी खिशात हात घातला आणि चुरगळलेला बोळा काढून दाखवला. “वरच्या वळणावरच निघाल्या, धुक्याच्या ओलाव्यात कुठला टिकतोय तो डिंक. त्या गोळा करायलाच थांबलो होतो. तुम्ही ओरडाल म्हणून बोललो नाही.”

मी तिथेच पायरीवर बसले. ते पाणी घेऊन आले. म्हणाले, “पण वहिनी, तुम्ही तरी एवढ्या चिकटून का येत होतात? जुन्या रस्त्यापासून आरशात तुमचा दिवा अगदी पाठीला टेकलेला. मला ब्रेक मारायची भीती वाटत होती.”

“आणि परत फिरल्यावर माझ्या हॉर्नला उत्तर दिलंत ते?”

“कधी? मला नाही ऐकू आला हॉर्न.”

त्याच दुपारी त्यांच्या जाकिटावर मोठा गोल शिवला. चिकटवला नाही, दुहेरी दोऱ्याने शिवला. पुढच्या महिन्यात जाऊला मुलगी झाली. आता ती पोरीला कडेवर घेऊन दारात उभी असते आणि रोज विचारते, “ताई, हे दिसत होते ना वाटेत?” मी हो म्हणते. खोटं नाही बोलत. गोल दिसतो मला. फक्त धुकं दाट असलं की तो मधूनच झाकला जातो. मध्ये एखादी गाडी आली की झाकला जावा, तसा. मग पुन्हा दिसतो. तो दिसेपर्यंत मी श्वास घेत नाही.

हं, झालं. घे, घालून बघ. फार मोठी वाटतेय ना फुली? खांद्यापासून कमरेपर्यंत घेतलीये मुद्दाम. उद्यापासून भाऊजी पुढे, मी शेवटी आणि तू मध्ये. मध्ये जे कोणी आहे ती तूच, हे मला मागून कळलं पाहिजे.

आणि एक लक्षात ठेव. माझा हॉर्न ऐकलास की लगेच उत्तर दे, उशीर करू नकोस. तू नाही दिलंस, तरी मला उत्तर येतंच.