भयबंध

मालवणच्या किनाऱ्यापासून नऊ किलोमीटरवर, समुद्राच्या चाळीस मीटर खाली असलेल्या जलघुमटाच्या प्रयोगशाळेत डॉ. शलाका तांडेल कंपलेखकाचा आलेख तिसऱ्यांदा तपासत होती. घुमट पेलणाऱ्या बारा कमानींपैकी सातवीत तडा गेला होता आणि तो वाढत होता. तिन्ही वेळा उत्तर एकच आले. आठ तास.

"आठ तास भरपूर झाले," शेजारी उभे असलेले वृद्ध मेंदुशास्त्रज्ञ डॉ. केळुसकर म्हणाले. "दाबनौका धक्क्याला लागलेलीच आहे. सगळ्यांना बसवून सुटायला दोन तास पुरतील."

"बसले तर ना, सर."

घुमटात एकशे साठ माणसे राहत होती आणि टाक्यांमध्ये कालवांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, शेती करत होती. गेल्या वर्षी भोंगा वाजला, तेव्हाच्या साहेबाने शांतपणे निघायला सांगितले, सगळे नौकेतून वर गेले, मागे पंप बंद पडले. परत आल्यावर टाक्यांत मेलेल्या कालवांचा नुसता चिखल सापडला. घुमटाला काही झालेच नव्हते. बिघाड यंत्रात होता. तेव्हापासून वसाहतीचा ठराव होता की भोंग्यावर कुणी हलायचे नाही. ज्याने मोजमाप घेतले त्यानेच जेवणघराच्या मधोमध उभे राहून सांगायचे आणि मग हात वर करून ठरवायचे.

हे मोजमाप शलाकाने घेतले होते. चार माणसांसमोर स्वतःचे नाव सांगतानाही तिचा घसा कोरडा पडत असे.

केळुसकरांनी खणातून एक पातळ पट्टा काढला. "हा भयबंध. कपाळाला बांध."

"यानं भीती जाते?"

"जात नाही, अडते. मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे. धोका दिसला की तो हाकाटी करतो. मग छाती धडधडते, आवाज कापतो, हात थरथरतात. हा पट्टा ती हाकाटी शरीरापर्यंत पोचूच देत नाही. चाळीस वक्त्यांवर चाचण्या घेतल्या. एकही अडखळला नाही."

"पण आवाज कापला तर बिघडतं काय? माहिती तर तीच राहते."

प्रश्न आवडला की केळुसकर खुर्ची ओढून बसत. आताही बसले. "हरणांचा कळप आठव. एक हरीण दचकलं की सगळी पळतात. वाघ त्यातल्या कुणी पाहिलेला नसतो. माणसाचंही तसंच. दुसऱ्याची भीती आपल्याला चटकन लागते. पण ती कशाची आहे, हे त्या भीतीत लिहिलेलं नसतं. ते आपण आपल्या मनानं भरतो. तू कापलीस तर ते बिथरतील, चेंगराचेंगरी होईल. म्हणून शांतपणे बोल."

शलाकाने पट्टा बांधला. छातीतली धडधड पंखा बंद करावा तशी थांबली.

जेवणघरात सगळे गोल करून बसले होते. प्रत्येकाच्या पुढ्यात स्टीलचे ताट. बोलणे पटले नाही की चमच्याने ताट वाजवायचे, ही इथली रीत.

"या, तांडेलबाई!" टाक्यांचा मुकादम गजा आरोंदेकर ओरडला. "यंदाची कालवं कधी मारायची ते सांगायला आलात ना?"

हशा पिकला. शलाका थांबली नाही. "सातव्या कमानीत एकवीस सेंटिमीटरचा तडा आहे. तो तासाला चार सेंटिमीटर वाढतोय. त्रेपन्नावर कमान तुटेल आणि घुमट बसेल."

"बाजारभाव सांगतेय जशी!" कुणीतरी म्हणाले. ताटे खणखणू लागली.

तिने तेच पुन्हा सांगितले. आलेख भिंतीवर दाखवला. प्रश्न आले, शिव्या आल्या, गेल्या वर्षीचा हिशोब निघाला. दीड तास गेला. तिचे एकही वाक्य अडखळले नाही.

जेवणघर चालवणाऱ्या सुलोचनाकाकी नातीला मांडीवर घेऊन पुढेच बसल्या होत्या. "शलाका, तू पोरगी वाईट नाहीस. पण छप्पर डोक्यावर पडणार असतं, तर अशी बोलली असतीस? अगं, घोटभर पाणीसुद्धा लागलं नाही तुला."

"गेल्या खेपेचा साहेब असाच गुळगुळीत बोलला होता!" गजाने चमचा भिरकावला. तो तिच्या कानाजवळून गेला. ती जागची हलली नाही.

"बघा! पापणीसुद्धा लवली नाही हिची. सगळं पाठ केलेलं आहे!"

निघायच्या बाजूचे हात मोजले. अकरा.

शलाकाने गर्दीतून केळुसकरांकडे पाहिले. "सर, चाचण्यांमध्ये श्रोत्यांना काही विचारलं होतंत?"

"श्रोत्यांना? ते तर नुसते बसले होते..." केळुसकरांचे वाक्य अर्ध्यावर राहिले. चेहरा उतरला.

तिला हरीण आठवले. जे हरीण दचकत नाही, त्याच्याकडे बघून कळप चरत राहतो. आकडे खरे होते. त्यांना साक्षीदार नव्हता.

तिने पट्टा सोडला.

अडवून धरलेले सगळे एकदम आले. एकशे साठ चेहरे, तीनशे वीस डोळे, आणि त्यांतला राग तिच्यावर रोखलेला. गुडघे लटपटू लागले. टेबल धरायला हात पुढे केला, तर हातच तांब्यावर आदळला आणि पाणी सांडले.

"सहा तास... म्हणजे साडेसहा..." आवाज चिरकला. "कमान... मी मोजलंय... तीनदा. चला ना. कृपा करा, चला."

पुढचे शब्द फुटेनात. दात वाजत होते.

खणखणाट एकेका ताटाने थांबत गेला. काकी तिच्याकडे टक लावून पाहत होत्या. मग त्यांनी चमचा खाली ठेवला आणि नातीला कडेवर घेतले.

"आधी पोरं," त्या म्हणाल्या. "एका रांगेत. धावायचं नाही."

पुन्हा हात मोजायची वेळच आली नाही.

दाबनौका वर येऊन पाण्यावर तरंगत राहिली. घुमटाइतकाच ठेवलेला आतला दाब हळूहळू उतरेपर्यंत, म्हणजे तीन दिवस, तिची दारे उघडणार नव्हती. बाकांवर सगळे समोरासमोर बसले होते. आभार कुणी मानले नाहीत. गजा मधूनमधून टाक्यांची नावे घेऊन शिव्या घालत होता.

धक्का सोडल्यापासून पाचव्या तासाला खालून एक जड, बोथट आवाज आला. नौका हेलकावली. पोरे रडू लागली. मग एकशे साठ माना शलाकाकडे वळल्या.

तिचे हात मांडीवर थरथरत होते.

गजाने ते पाहिले. "घुमट गेला, आपण वर आलो," तो खेकसला. "आता कशाला कापतेस?"

शलाका कशीबशी म्हणाली, "घुमटाला मी कधीच भ्यायले नव्हते, गजादादा. तुम्ही सगळे अजून समोरच बसला आहात."